दोष गारव्याला, आजार कोंडलेल्या हवेतून

पाऊस सुरू झाला की घरोघरी एकच हाक ऐकू येते, "खिडकी लाव, वारा लागेल." पोरगं शिंकलं की दोष पंख्याला, एसीला, नाहीतर ओल्या केसांना. बंद खोलीतल्या हवेला कोणी बोल लावत नाही. याच दिवसांत आपल्याकडे फ्लूचे रुग्ण वाढतात आणि नेमक्या याच दिवसांत आपण स्वतःला कोंडून घेतो, म्हणून हे तळमळीने लिहितोय.

सर्दी विषाणूमुळे होते. खोलीत विषाणूच नसेल तर नुसत्या गारव्याने ती होत नाही. मात्र गारव्याचा काहीच संबंध नाही, असंही नाही. नाकाच्या आतलं तापमान शरीरापेक्षा कमी, साधारण ३३ अंश असतं. येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर दाखवलं की ३३ अंशांना पेशींचा प्रतिकार मंदावतो आणि सर्दीचा विषाणू ३७ अंशांपेक्षा जास्त फोफावतो. तेव्हा आजीचं "गारठ्यात बसू नकोस" अगदीच खोटं नव्हतं. पण विषाणू आधी नाकापर्यंत यावा लागतो, आणि तो येतो दुसऱ्याच्या श्वासातून.

बंद खोलीच्या एका कोपऱ्यात अगरबत्ती लावली की थोड्या वेळात वास सगळीकडे पोचतो. आजारी माणसाच्या श्वासातले बारीक कण तसेच पसरतात. जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझूच्या एका बिनखिडक्यांच्या रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवायला बसली होती. एसी तीच हवा त्या टेबलांवरून फिरवत राहिला, बाहेरची ताजी हवा जवळजवळ येतच नव्हती. त्या तीन कुटुंबांतल्या मिळून १० जणांना कोरोना झाला.

आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. बाहेर टांगलेलं युनिट फक्त उष्णता बाहेर टाकतं. आतलं युनिट खोलीतलीच हवा ओढतं, गार करतं आणि परत तुमच्या तोंडावर सोडतं. छताचा पंखाही आहे तीच हवा घुसळतो.

आता दहावी-बारावीच्या क्लासचा हॉल डोळ्यांसमोर आणा. बाकाला बाक लागलेला, काचा पक्क्या बंद, एसी १८ वर. गारवा आहे म्हणून पालकही खूश. आपण सोडलेल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के असतो, तर बाहेरच्या हवेत दशलक्ष भागांत जेमतेम ४२०. खोलीत हा आकडा हजाराच्या वर गेला की मुलं एकमेकांनी सोडलेली हवा पुन्हा ओढताहेत, असं समजा. तो मोजणारं छोटं यंत्र मिळतं. लाखांत फी घेणाऱ्या क्लासला ते जड नाही. क्लासची चौकशी करताना निकालाइतकीच हवेचीही विचारपूस आपण का करत नाही?

सर्दी-फ्लूचं एक वेळ सोडा, क्षयाचं काय? पेरूमधल्या लिमातल्या रुग्णालयांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. १९५० पूर्वीचे, उंच छताचे, मोठ्या खिडक्यांचे वॉर्ड, खिडक्या उघड्या ठेवल्या की नव्या इमारतींपेक्षा आणि यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांपेक्षाही क्षयाची लागण टाळण्यात सरस ठरले. एके काळी क्षयाचे रुग्ण मोकळ्या हवेसाठी पाचगणीला जात. मोकळ्या हवेने क्षय बरा होत नाही, तो औषधांनीच बरा होतो. मद्रासच्या १९५९ च्या अभ्यासाने दाखवून दिलं की औषधं नीट घेतली तर घरी राहूनही रुग्ण तितकाच बरा होतो. पण शेजाऱ्याला लागण होऊ नये यासाठी हवा लागतेच.

आणि आपण काय बांधलं? गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहती. दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. अशा दाटीच्या इमारतींचा क्षयाशी संबंध तिथल्या पाहणीत दिसून आला. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या माणसाला खिडकी उघडल्यावर समोरची भिंत दिसत असेल, तर त्याला "खिडक्या उघडा" हे सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? हा अन्याय आहे आणि तो नकाशावर सही होतानाच घडतो.

ज्यांना उघडता येतात त्यांच्यासाठी सांगतो. डासांची भीती खरी आहे, डेंग्यू काही थट्टा नाही, म्हणून जाळी बसवा. वारा थोडा कमी येईल, पण येईल. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या तरच हवा खेळते, एकीने फारसं भागत नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फोडणीपुरता न लावता पाहुणे असतानाही चालू ठेवा. तान्ह्या बाळाला आणि म्हाताऱ्यांना थेट झोतात बसवू नका. घरात कोणी आजारी असेल तर एसी २४ च्या खाली नको, आणि खिडकी बोटभर का होईना उघडी हवी. विजेचं बिल थोडं वाढेल, वाढू दे.

येत्या पालकसभेत मी क्लासच्या सरांना हेच विचारणार आहे. तुमच्या मुलांच्या क्लासमध्ये खिडक्या उघडतात का, ते खाली लिहा.