चवथीला घरी येणारा निर्वासित

गोव्यातल्या डिचोली-साखळीकडच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. व्हिजिटर व्हिसावर कॅनडाला जा, विमानतळावरच आश्रय मागा. कारण काहीही चालतं. लगेच वर्क परमिट, दोन वर्षांत पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, मग दर चवथीला, गणेशचतुर्थीला, घरी या. अर्ज फेटाळला तरी कोणी परत पाठवत नाही. खाली एजंटाचा नंबर.

वर्क परमिटची गोष्ट खोटी नाही, म्हणून तर संदेश खपतो. दावा सुनावणीला पात्र ठरला आणि वैद्यकीय तपासणी झाली की काम करायची परवानगी मिळू शकते. पण ती निकाल लागेपर्यंतची सोय. दाव्याबरोबरच देश सोडण्याचा सशर्त आदेशही निघतो, त्याबद्दल एजंट चकार शब्द काढत नाही. अपिलासकट सगळं हरलात की तो आदेश लागू होतो. 30 दिवसांत नोंद करून बाहेर पडला नाहीत, तर तोच आदेश हद्दपारीचा होतो आणि पुन्हा कॅनडात पाय ठेवायला खास परवानगी लागते. पीआरचा अर्जसुद्धा दावा मान्य झाल्यानंतरचा.

‘कारण काहीही चालतं’ हे तर साफ खोटं. निर्वासितांबद्दलच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारात पाचच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत. कॅनडाचा कायदा त्यापलीकडे छळाचा किंवा जिवाचा व्यक्तिगत धोकाही धरतो. 2012 ला इथल्या खाणी बंद पडल्या, 2018 ला परत पडल्या, हप्ते थकले, बँकेने ट्रक ओढून नेला. हाल खरेच, पण त्याला कोणी छळ म्हणत नाही. मग एजंट गोष्ट रचतो. सही तुमची, आणि सुनावणीत उत्तरंही तुम्हीच द्यायची. धमकी कोणी दिली, कुठल्या तारखेला? पोलिसांत का गेला नाहीत? मुंबईत किंवा दिल्लीत जाऊन का राहिला नाहीत? हा शेवटचा प्रश्न भारतीयांना हमखास येतो आणि रचलेली गोष्ट बहुधा तिथेच गाळात रुतते. शिवाय ‘फिरून परत येईन’ असं व्हिसाच्या अर्जात तुम्हीच लिहून दिलेलं असतं.

आता चवथ. ज्या देशात जिवाला धोका म्हणून आश्रय घेतला, त्याच देशाच्या पासपोर्टावर तिथेच माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) बांधायला आलात, तर संरक्षणाची गरज उरली नाही असं धरून ते काढून घेता येतं. 2012 च्या कायदाबदलानंतर त्यासोबत पीआरही जाऊ शकतो.

गोव्यातली खरी मेख मात्र संदेशात नाहीच. 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांपैकी कितीतरी जणांनी लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय. स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. आश्रय मागताना भीती सिद्ध करायची ती आपल्या नागरिकत्वाच्या देशाची, म्हणजे इथे पोर्तुगालची! एकाहून जास्त देशांचं नागरिकत्व असणाऱ्यालाही करार प्रत्येक देशाबद्दल हेच विचारतो. आणि तो पासपोर्ट लपवला तर ती सरळसरळ फसवणूक.

ज्याच्या जिवाला खरोखर धोका आहे, त्याने दावा जरूर करावा, तो हक्कच आहे. कॅनडात त्याला सरकारी फी नाही, आणि ऑन्टारियोसारख्या प्रांतात ऐपत नसलेल्याला सरकारी मदतीने वकीलही मिळू शकतो. एजंट पैसे घेतो ते गोष्ट लिहिण्याचे.