अडली तांबडी

श्रावणी सोमवारी सकाळी आईने मागच्या दारातून हाक मारली, "अरे, अडलीय!"

अडणं हे क्रियापद आमच्या गावात जपून वापरतात. काम अडतं, पैशावाचून अडतं, पण कुणी 'अडली' असं कानावर आलं की घरातल्या पुरुषांनी पडवीत जाऊन येरझारा घालायच्या असतात. माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी मी तेवढंच केलं होतं. त्या सवयीने मी पडवीत गेलो, तर अडलेली तिथेच उभी.

तांबडी म्हणजे आमची गावठी तलंग, नुकती वयात आलेली कोंबडी. अंडी द्यायला लागून महिनाही झाला नव्हता. शेपूट खाली, छाती वर, पाय फाकवलेले, अशी ती राणीच्या बागेतल्या पेंग्विनसारखी ताठ उभी होती. मधूनच खाली बसायची, डोळे मिटून जोर लावायची, उठून मागे वळून बघायची. मागे काही नसायचं. मग माझ्याकडे बघायची. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते मला ठाऊक होतं, त्यामुळे ती नजर मी मनाला लावून घेतली.

तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"अंडं बोटाला लागतंय का बघा," ते म्हणाले.

"कुणाच्या बोटाला?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी मला पहिलीपासून शिकवायला घेतलं. एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात. त्यातले २० तास नुसतं कवच चढवण्यात जातात. कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं आणि नेमकं तेच कॅल्शियम कळा यायलाही लागतं. सगळं कवचात घातलं की ढकलायला ताकद उरत नाही. घर बांधून झाल्यावर दरवाजाला पैसे उरू नयेत, तसं.

"शिंपले घालता का तिला?"

इथे मी गप्प झालो. आमच्याकडे खाडीतल्या तिसऱ्या शिजल्या की शिंपल्या उकिरड्यावर जातात. आई त्या दगडाने ठेचते आणि कोंबड्या टिपतात. पण आषाढ संपला आणि घरात श्रावण सुरू झाला. तेव्हापासून पडवळ, दोडका आणि भोपळा. पुण्य आम्ही जोडत होतो आणि कॅल्शियम तांबडीचं जात होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, पोटापर्यंत कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, खोबरेल तेल लावा, मग अंधारात एकटी ठेवा. दुपारपर्यंत मोकळी झाली नाही तर घेऊन या. "आणि काही झालं तरी अंडं आत फोडू नका. कवचाचे तुकडे आत लागले तर कोंबडी जाईल." ऑफिसला 'घरात एकीचं बाळंतपण आहे, आज जमणार नाही' एवढं कळवून मी बाह्या सरसावल्या. अभिनंदनाचे निरोप अजून येताहेत.

घमेल्यात पाणी काढलं. आईने नातवंडांच्या वेळी करायची तसं कोपर बुडवून बघितलं. कोंबडीचं अंग मुळात ४१ अंशांच्या आसपास, म्हणजे आपलं कोमट तिला गारच. म्हणून आणखी एक तांब्या ओतला. तांबडीने आधी आकांत केला. गरम पाणी आणि कोंबडी यांचा पूर्वापार संबंध काय, हे तिच्या घराण्यात सगळ्यांना माहीत असणार. पण दोन मिनिटांत ती सैलावली, पिसं फुलली, मान माझ्या मनगटावर टाकून तिने डोळे मिटले.

नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू बेल न्यायला आल्या. त्यांना दिसलं ते असं: चुलीवर पातेलं वाफाळतंय, घमेल्यात भिजलेली कोंबडी, तिची मान माझ्या हातात, डोळे मिटलेले, माझ्या दुसऱ्या हातात तेलाची बाटली. वार सोमवार. महिना श्रावण.

"शिव शिव शिव," काकू म्हणाल्या.

"काकू, तसं नाहीये. तेल फक्त लावायचंय."

"मसाला काय नंतर?"

तेवढ्यात तांबडीने एक डोळा उघडून 'क्वाँक' केलं. काकूंच्या चेहऱ्यावरचा रंग पालटला. चार बाळंतपणं झालेली बाई ती. बेलाची परडी बाजूला ठेवून त्यांनी पाट ओढला आणि सूत्रं ताब्यात घेतली. "जोर लाव गं बाये. श्वास रोखू नको." तांबडीने यातलं किती ऐकलं कुणास ठाऊक, मी मात्र दोनदा जोर लावला.

तेलाच्या बोटाविषयी मी फार लिहिणार नाही. आत काहीतरी कडक लागलं, आणि मनगटावरचं घड्याळ आधी काढायला हवं होतं, एवढंच.

मग तिला फडक्याने टिपलं. केस वाळवायचं यंत्र आणलं तर लाईट गेलेली. शेवटी चुलीच्या उबेला डालग्याखाली ठेवून वर गोणपाट टाकलं आणि आम्ही तिघं पडवीत. या वेळी येरझारा घालायला मला सोबत होती.

पाऊण वाजता आतून आरोळी आली. अंडं पडलं होतं. खरखरीत, टोकाला रक्ताची पुसट रेघ. बायकोच्या केकच्या काट्यावर ६८ ग्रॅम भरलं. आमच्या गावठी अंड्यांना चाळिशी गाठतानाच धाप लागते. तांबडी ओरडायला लागली तसा सकाळपासून माडाखाली पाठ फिरवून उभा असलेला कोंबडा तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडत आला. पेढे तोच वाटणार होता जणू.

एवढ्या मोठ्या अंड्यात दोन बलक असणार, म्हणजे उबवणीला ठेवण्यात अर्थ नाही. श्रावण असल्यामुळे खायची सोय नाही. आईने ते तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. तिसऱ्यांचा वाटा लावून बसलेल्या मावशींना विचारलं, "नुसत्या शिंपल्या मिळतील का? आतलं नको."

"आतलं नको?"

"श्रावण आहे ना. कोंबडीला घालायच्यात."

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोंबडीला श्रावण नाय वाटतं?"