निवडणूक आली की वर्गाची वाट

लोकसभा, विधानसभा, महापालिका, झेडपी, ग्रामपंचायत... प्रत्येक वेळी मतदान केंद्राला शाळाच का? बाकं व्हरांड्यात, मुलांनी रंगवलेले तक्ते फाटलेले, कोपऱ्यात चहाचे कप! आणि शिक्षक? शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २७ त्यांना बिगरशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीला सूट! म्हणजे बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) होऊन मतदार याद्या घेऊन दारोदार फिरा. मग अपूर्णांक कोण शिकवणार?

सगळ्यात संताप याचा, की मतदान केंद्रावर रॅम्प, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह हवंच असा आयोगाचा नियम. मतदाराला एका दिवसापुरतं हवं ते पोरांना वर्षभर नको? आणि दुसऱ्या दिवशी वर्ग झाडून बाकं जागेवर कुणी लावायची, तेही आदेशात लिहा ना!