बाळ्याचे दोन हात

भिंतींच्या ओलीबद्दलची सोसायटीची नोटीस सगळ्यांनी वाचलेली होती, त्यामुळे चहा यायच्या आधीच ओलीवर गाडी आली.

"डॅम्पप्रूफ रंगाचे दोन हात मारा, विषय संपला," बाळ्या म्हणाला. दर दिवाळीला तो हेच म्हणतो आणि दर जुलैत त्याच्या हॉलचे पोपडे सुटतात.

"पाणी बाहेरून येतंय आणि तू बूच आतून मारतोस," नंदू म्हणाला. "ते रंगाला ढकलून बाहेर येणारच. येताना क्षार आणतं. तुझ्याकडे पांढरं फुललंय ना, तो लोणा आहे, बुरशी नव्हे."

"मग ओळखायचं कसं?" मिल्याने विचारलं.

"हातभर प्लॅस्टिक भिंतीला चारही कडांनी चिकटव. दोन दिवसांनी बघ. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर हवेतला दमटपणा. एसीच्या खोलीची पलीकडची भिंत गार पडते, तिथे हे हमखास. थेंब प्लॅस्टिकच्या मागे असतील तर पाणी भिंतीतून येतंय."

"आमच्याकडे मे महिन्यातही डाग ओलाच असतो."

"मग पावसाला कशाला शिव्या? जमिनीवरच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप बुजव, बाथरूममध्ये इंचभर पाणी भरून चोवीस तास ठेव. डाग वाढला तर ट्रॅपचा जोड नाहीतर टाइल्सच्या फटी. बाथरूम आठवडाभर कोरडं ठेवूनही वाढला तर भिंतीतला पाइप."

"आणि पश्चिमेची भेगाळलेली भिंत?"

"भेग व्ही आकारात कोरायची, धूळ काढायची, पॉलिमर मिसळलेलं सिमेंट-वाळूचं मॉर्टर भरायचं. बाहेरून, आणि पावसाळ्याआधी. नुसती पुट्टी फासली की पुढच्या पावसात तीच भेग पुन्हा उघडते."

बाळ्याने मान उडवली. "एवढं कळतं तर गच्चीच्या कामाच्या वेळी कुठे होतास?"

"मीटिंगमध्ये ओरडत होतो! कोब्याचा उतार पाइपाकडे हवा, शंभरला एक तरी. तो जिन्याकडे गेला तेव्हा सेक्रेटरी कोण होतं?"

यावर बाळ्या चहावाल्याला हाका मारायला लागला. खरं तर त्या उताराचं पाणी आजही तीन घरांत उतरतंय.

"बुरशी मी ब्रशने खरवडतो," मिल्या म्हणाला.

"कोरडी घासू नकोस, घरभर उडते. मास्क लाव, साबणाच्या पाण्याने पुस आणि पंखा लावून भिंत वाळव. ब्लीच घेतलंस तर बाथरूमचं ॲसिड त्यात अजिबात नको, विषारी वायू होतो. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, मागून वारा फिरू दे."

"बाळ्याचं चिकटलेलंच आहे. लग्नाचा कोट हिरवा झालाय."

"तो हिरवाच होता रे!" बाळ्या तिकडून ओरडला, आणि चहा मिल्याच्या नाकातून आला.