जिराफाच्या घराची मागची बाजू

म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय पाहून फोंड्याला परतताना माझ्या भाच्याने गाडीत विचारले, "मामा, आपल्या बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात जिराफ का नाही?" मी व्यवसायाने आर्किटेक्ट आहे आणि गोव्याच्या पावसात टिकतील अशी घरे बांधण्यातच माझा बहुतेक काळ गेला आहे, त्यामुळे त्याला मी पैशांचे कारण सांगून गप्प बसवू शकलो नाही. खरे उत्तर जिराफ रात्री कुठे उभा राहतो, कशावर उभा राहतो आणि भर आषाढात त्याला कोण काय खाऊ घालतो, यात आहे. प्राणिसंग्रहालयाचे नूतनीकरण म्हटले की आपल्याकडे आधी प्रवेशद्वार, कारंजे आणि काचेची गॅलरी यांचीच चर्चा होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पूर्ण वाढलेला नर जिराफ साडेपाच मीटरपर्यंत उंच असतो, म्हणजे आपल्या दुमजली घराच्या स्लॅबजवळ त्याचे डोके येते. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात डेसिमस बर्टन या वास्तुकाराने १८३०च्या दशकात जिराफांसाठी बांधलेले घर पुढे दीर्घकाळ जिराफांसाठीच वापरले गेले, कारण त्याने आधी प्राण्याची उंची पाहिली आणि मग दरवाजे काढले. त्याच आवारात १९३४ साली बांधलेला पेंग्विनांचा तलाव एकमेकांवरून वळत जाणाऱ्या काँक्रीटच्या उतरणींमुळे जगभर वाखाणला गेला. त्याची छायाचित्रे पाहून माझ्यासारख्या अनेकांनी हा विषय निवडला असेल. परंतु २००४ मध्ये पेंग्विनांना तिथून हलवावे लागले. ती वास्तू पाहणाऱ्यासाठी सुंदर होती, पण त्या कठीण पृष्ठभागावर दिवसभर चालणाऱ्या पायांसाठी नव्हती. हे वाचल्यापासून कोणताही नकाशा काढताना मी आधी जमिनीचा विचार करतो.

जिराफाच्या बाबतीत तर जमीन हाच जीवनमरणाचा प्रश्न असतो. ओल्या, गुळगुळीत फरशीवर त्याचे लांब पाय दोन बाजूंना फाकले की त्याला स्वतःला सावरणे अवघड जाते आणि अशी घसरण त्याच्या जिवावर बेतू शकते. उलट सतत मऊ चिखलात उभे राहिल्यास खूर झिजत नाहीत, वाढून वाकडे होतात आणि सांध्यांवर ताण येतो. म्हणून काही भागात वाळूचा जाड थर, काही भागात खरखरीत पण पाय न सोलणारा पृष्ठभाग आणि सर्वत्र पाणी चटकन वाहून जाईल इतकाच सौम्य उतार लागतो. युरोपात या घरांचा मोठा खर्च थंडीपासून बचावावर होतो. गोव्यात थंडीचा प्रश्न नाही, पण वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जूनमध्ये आपल्या अंगणातल्या चिऱ्यावर किती लवकर शेवाळ धरते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अधिक सांगायला नको. संपूर्ण कळप दिवसचे दिवस आत राहू शकेल एवढी मोठी, उंचावर वारा खेळणारी आणि पश्चिमेकडून येणारी पावसाची झड अडवणारी रुंद वळचण असलेली शेड इथे लागेल. तिचा खर्च प्रेक्षकांना दिसणाऱ्या मोकळ्या आवारापेक्षा जास्त होईल, आणि तो तसाच व्हायला हवा.

पाल्याचाही विचार आधीच करावा लागतो. जिराफ दिवसातले कित्येक तास झाडांचा पाला ओरबाडण्यात घालवतो, आणि त्याची जीभ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असते. तिला काम मिळाले नाही की तो भिंती व लोखंडी गज चाटत राहतो. बंदिस्त जिराफांत ही सवय इतकी सर्रास आढळते की पुष्कळ लोकांना ती नैसर्गिकच वाटते. चारा जमिनीवर टाकला तर आतड्यातील कृमींचा धोका वाढतो, म्हणून तो कप्पीने वर चढवून टांगावा लागतो. त्यासाठी खैर, बाभूळ, उंबर यांची लागवड जिराफ येण्याच्या काही वर्षे आधी झाली पाहिजे. पिंजऱ्याचा आराखडा मंजूर करणाऱ्यांनी पाल्याच्या बागेचा आराखडाही मागितला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

आफ्रिकी सवानाचा देखावा म्हणून जिराफ, झेब्रा आणि शहामृग एकत्र ठेवण्याची पद्धत मला आवडते, परंतु झेब्र्याचा नर नवजात पिल्लाच्या अंगावर जाऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक जातीला वेगळे करता येईल अशी दारे, बाहेरून चालवता येणारी फाटके आणि खूर तपासण्यासाठी अरुंद मार्ग हे सगळे मूळ नकाशातच असावे लागते. भिंती उभ्या राहिल्यावर त्यासाठी जागा निघत नाही. पाणघोड्यासाठी तळ्याएवढेच त्याचे पाणी गाळणारी यंत्रणाही महत्त्वाची आहे, कारण तो पाण्यातच विष्ठा टाकतो. प्रेक्षकांसाठी मात्र एक गोष्ट मी आनंदाने काढीन: जिराफाच्या डोळ्यांच्या पातळीवर येणारा उंच लाकडी मंच.

दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातील शंकर या आफ्रिकी हत्तीची आठवण मला अस्वस्थ करते. १९९८ मध्ये झिंबाब्वेकडून भेट म्हणून आलेल्या या हत्तीने सोबतीण गेल्यावर अनेक वर्षे एकट्याने काढली आणि २०२५ मध्ये तो गेला. जिराफही कळपात राहणारा प्राणी आहे. एकच आणून ठेवायचा असेल तर आणूच नये.

बोंडला हे आठ चौरस किलोमीटरचे, गोव्यातील सर्वांत लहान अभयारण्यांपैकी एक आहे. तिथल्या चढउताराच्या, दाट झाडीच्या, पावसाळ्यात निथळत राहणाऱ्या भूमीवर जिराफासाठी सपाटी करायची तर आधी जंगल तोडावे लागेल, आणि त्याला माझा विरोध आहे. मात्र वर लिहिलेला प्रत्येक प्रश्न आपल्या गव्यालाही लागू पडतो, जो गोव्याचा राज्यप्राणी आहे, आणि सांबराला व बिबट्यालाही. नूतनीकरणासाठी निधी आला तर पहिला खर्च रात्रीच्या खोल्यांच्या जमिनीवर, पाण्याच्या निचऱ्यावर आणि प्राणिरक्षकांना सुरक्षितपणे काम करता येईल अशा दारांवर व्हावा. नवे प्रवेशद्वार त्यानंतर दोन पावसाळ्यांनी झाले तरी चालेल.