दिवे लावायलाच गेले होते, काका

मी जर्मनीत फिजिक्समध्ये पीएचडी करते. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांनी माझाच, फ्रान्समधल्या एका समर स्कूलचा फोटो मला परत पाठवला. मागे आल्प्सचं माँ ब्लाँ शिखर, पुढे आम्ही पन्नासेक जण, गळ्यात बॅज, अर्ध्यांच्या पायात चपला. आणि खाली ओळ: "हीच का ती पीएचडी? सरकारच्या पैशानं उन्हाळी सहल!" त्यावर अकरा अंगठे, त्यातला एक माझ्या सख्ख्या भावाचा.

मी लगेच लिहिलं की काका, पैसे तुमच्या सरकारचे नाहीत, जर्मन टॅक्सवाल्यांचे आहेत. तर म्हणाले, "मग त्यांना विचार, त्यांना चालतं का."

काकांचा राग माझ्यावर नाहीये हे मला कळतं. 2023 च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सारथी या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला, फक्त दोनशेच जणांना का म्हणून, आणि तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं की पीएचडी करून काय दिवे लावणार. पुढे दिलगिरी व्यक्त झाली, पण वाक्य घराघरात राहिलं. जेआरएफचे, म्हणजे पीएचडीच्या सरकारी फेलोशिपचे, महिन्याला 37,000 मिळतात हे लोकांना पाठ असतं, ते महिनोन्महिने अडकतात हे कोणाला माहीत नसतं. आता पोरं रिसर्चसाठी कुठेही गेली की सहल. लग्नाला पंधरा दिवस रजा टाकून गेलं तर ते कर्तव्य असतं, हे जाता जाता.

तर ही सहल कशी असते ते सांगते. लेझूश नावाचं गाव आहे, फ्रान्समध्ये, शामोनीच्या खोऱ्यात. तिथे ही फिजिक्सची शाळा भरते. डोंगरउतारावर लाकडी घरं, त्यात दोघं-तिघं एका खोलीत. सकाळी दीड-दीड तासाची दोन लेक्चर्स, फळ्यावर, खडूनं, स्लाइड्स जवळजवळ नाहीतच. दुपारी अजून एक, मग रात्री कुणाचं तरी पोस्टर नाहीतर सकाळचं न जमलेलं गणित. तीन आठवडे. तिसऱ्या दिवसानंतर मी माँ ब्लाँकडे बघणंही सोडलं कारण रिनॉर्मलायझेशनचं एक इंटिग्रल डोक्यात अडकलं होतं आणि ते बाथरूममध्येसुद्धा सुटत नव्हतं. जेवायला ज्यांचे पेपर वाचून आपण रडलो ते लोक शेजारी बसतात आणि मीठ मागतात. आपल्याकडे असं होईल का? सर आधी जेवणार, मग आपण, असं मी ग्रुपवर लिहिलं. (हे मी मुद्दाम लिहिलं, खरं तर एमएस्सीनंतर बेंगळुरूला ज्या शाळेला गेले होते तिथेही सर आमच्यातच बसून जेवायचे, आणि थर्ड एसीचं भाडंही मिळालं होतं. पण वाद घालताना सगळं सांगायचं नसतं.)

माझी पहिल्याच आठवड्यात जी फजिती झाली ती ग्रुपवर सांगितलेली नाही. लेक्चर चालू असताना हात वर केला आणि म्हटलं, आय हॅव अ डाउट. आपण सगळे असंच म्हणतो ना, शाळेपासून, डाउट आहे सर. तर ते प्रोफेसर खडू हातात धरून फळ्याकडे बघत उभेच राहिले, मिनिटभर, दोन मिनिटं. मग वळून म्हणाले, नेमकी कुठल्या पायरीवर शंका आहे तुमची? त्यांना वाटलं मी त्यांच्या सिद्धतेवर आक्षेप घेतीये! मला फक्त ते सिग्मा कुठून आलं ते विचारायचं होतं. शेवटी त्यांनी सगळी डेरिव्हेशन पहिल्यापासून केली आणि त्यात खरंच एक चिन्ह चुकलेलं सापडलं. संध्याकाळी दोन इटालियन मुलं येऊन म्हणाली, ग्रेट क्वेश्चन. मी थँक्यू म्हटलं. काय करणार.

असो, मुद्दा सहलीचा. इथे जर्मनीत पीएचडी ही नोकरी आहे, काका. माझा ई-तेराचा, म्हणजे इथल्या सरकारी पगारश्रेणीचा, पंचाहत्तर टक्के काँट्रॅक्ट आहे, वर्षाला तीस सुट्ट्या आहेत, आणि समर स्कूल सुट्टीत धरत नाहीत, ती डीन्स्टराइजे, म्हणजे कामासाठीचा प्रवास. आधी अर्ज, त्याला ए-वन, म्हणजे परदेशात कामाला जाताना लागणारा सामाजिक विम्याचा दाखला, जोडायचं, परत आल्यावर प्रत्येक बसचं तिकीट चिकटवून हिशोब द्यायचा. सहलीला कोणी असा हिशोब मागतं का? तुम्ही लोक विद्यार्थ्याला स्टायपेंड देता आणि वर उपकार काढता, इथे पगार देतात आणि काम मागतात. लिहून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं की चहा केला.

चहा पिताना हाना आठवली. इथल्या शिक्षण-संशोधन मंत्रालयानं एक कार्टून व्हिडिओ केला होता, त्यात हाना नावाची पीएचडी करणारी मुलगी, आणि म्हणणं असं की काँट्रॅक्ट मुदतीचेच हवेत, नाहीतर एकच पिढी सगळ्या जागा तुंबवून टाकेल. तुंबवून! गटारासारखं. 2021 मध्ये लोक भडकले, हजारो जणांनी 'इश बिन हाना', मी हाना आहे, म्हणून आपापल्या कहाण्या लिहिल्या, व्हिडिओ हटवावा लागला. नियम आहे तोच आहे, मुदतीच्या काँट्रॅक्टवर पीएचडीआधी जास्तीत जास्त सहा वर्षं, नंतर सहा. दिवे लावणार आणि तुंबवणार यात फरक एवढाच की एक नागपुरात बोललं गेलं आणि एक छान ॲनिमेशनमध्ये. माझा काँट्रॅक्ट पुढच्या मार्चमध्ये संपतो. हे मी काकांना सांगितलेलं नाही. आईलाही नाही.

त्याऐवजी मी नोबेल काढले. ही लेझूशची शाळा 1951 ची, म्हटलं, सुरुवातीच्या काही वर्षांतच तिथे द जेन, शारपाक आणि कोएन-तानुजी हे फिजिक्सवाले शिकून गेले, आणि तिघांनाही नोबेल मिळालं, 1991, 1992, 1997. हे घ्या तीन दिवे. काकांचं उत्तर दोन शब्दांचं: "तुझा कितवा?"

ग्रुपवर पुन्हा अंगठे. मला हसूही आलं, खरं सांगते.

पण मला काकांना शाळेच्या सुरुवातीची गोष्ट सांगायची होती आणि ती टाइप करता करता मीच थांबले. शाळा काढली सेसिल मोरेट नावाच्या फ्रेंच बाईनं, वय तेव्हा तिशीच्या आत. दुसऱ्या महायुद्धात, दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीत उतरलं त्या दिवशीच्या बॉम्बहल्ल्यात तिची आई, बहीण आणि आजी गेल्या. ती प्रिन्स्टनला होती, तिथे ब्राइस डेविट या अमेरिकनानं लग्नाचं विचारलं, तर ही आधी नाही म्हणाली, कारण हो म्हणायचं म्हणजे फ्रान्स सोडायचं. मग तिनं ठरवलं, जायचंच तर देशाला काहीतरी देऊन जायचं. फ्रान्समध्ये तेव्हा क्वांटम मेकॅनिक्स धड शिकवतही नव्हते. त्यातून ही शाळा. आणि गंमत म्हणजे 1951-52 मध्ये ब्राइस डेविट होता कुठे, तर मुंबईत, टीआयएफआर या संशोधन संस्थेत.

म्हणजे तिनं जायच्या आधी फेडलं. मी जाताना विमानतळावर रडले होते, बाकी काही केलेलं नाही.

काकांच्या फोटोच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या एमएस्सीच्या सरांचा मेल आला होता. डिसेंबरात एक शाळा घेतोय, दोन आठवडे, मुलांचे ट्यूटोरियल घ्यायला येशील का, मानधन असं काही नाही, राहायची सोय करू. मी लगेच हिशोब करायला लागले, सुट्ट्या अकरा उरल्यात, की डीन्स्टराइजे धरतील, आणि मार्चमध्ये काँट्रॅक्ट संपत असताना डिसेंबरात दोन आठवडे गायब झाले तर बॉस काय म्हणेल.

मेलला अजून उत्तर दिलेलं नाही. काकांना तेवढ्यात चौदा उत्तरं दिली आहेत, आत्ताच मोजली.