कडेचा फोटो मागितला म्हणून

आज दुपारी जुन्या नाण्यांच्या एका ऑनलाइन लिलावात मी विक्रेत्याला अगदी साध्या शब्दांत विचारले, की या रुपयाचे वजन किती भरते आणि त्याच्या कडेचा एक फोटो मिळेल का. दहा मिनिटांत माझा प्रश्न काढून टाकण्यात आला आणि पाठोपाठ व्यवस्थापकांचा निरोप आला, की ज्यांचा विश्वास नसेल त्यांनी बोली लावू नये, पण इतरांचा विरस करू नये. नाणे होते सहाव्या जॉर्जचा १९३९ सालचा रुपया. मी हे लिहायला बसले तेव्हा बोली अठरा हजारांवर पोहोचली होती.

ज्यांना नाण्यांचा नाद नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. सहाव्या जॉर्जचे चांदीचे रुपये १९३८ ते १९४५ या आठ सालांचे आहेत. पहिल्या दोन सालांच्या रुपयात बारा भागांतले अकरा भाग चांदी होती. १९४० पासून महायुद्धाच्या काळात ती निम्म्यावर आली आणि उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल आणि जस्त आले. आठांपैकी बाकीची साले थोड्याफार प्रयत्नाने मिळतात, १९३९ मात्र क्वचितच दिसते. त्यामुळे संच जुळवणारा प्रत्येक माणूस तिथे येऊन अडतो आणि खोटी नाणी पाडणाराही नेमका तिथेच दबा धरून बसतो.

आमचे अण्णा तिथेच अडले होते. बँकेत रोखपाल म्हणून आयुष्य काढलेल्या या माणसाकडे सात रुपये होते आणि लक्ष्मीपूजनाच्या ताटात ते सालवार मांडताना ते १९३८ आणि १९४० यांच्यामध्ये एका रुपयाची जागा मोकळी सोडत असत. त्यांच्या पंचाहत्तरीला मी ती जागा भरायचे ठरवले, एका ऑनलाइन लिलावात रात्री जागून बोली लावली आणि ‘आजोबांच्या पेटीतले अस्सल नाणे’ या वाक्यावर विश्वास ठेवून पैसे पाठवले. फोटो दोनच होते, राजाचा चेहरा आणि मागची बाजू. अण्णांनी नाणे हातात घेतले, अंगठ्याचे नख त्याच्या कडेवरून हळूच फिरवले, ‘छान आहे गं’ म्हणाले आणि ते मोकळ्या जागेत ठेवून दिले.

त्या दिवाळीत त्यांनी रुपये मोजले ते असे : ‘सात आणि एक.’ मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही.

आता ‘वजन विचारणे म्हणजे अविश्वास दाखवणे’ या मुद्द्याकडे येते, कारण दुपारपासून माझे डोके त्यानेच फिरले आहे. ब्रिटिश अमदानीतला रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता, आणि तोळा म्हणजे तेवढेच वजन. सोनाराकडे तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तोळ्याच्या जागी रुपयाच टाकत असत. ज्या नाण्याने लोक सोने तोलत होते, त्याचेच वजन विचारणे हा उद्धटपणा कसा ठरतो? आपल्याकडे दुकानदार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत रुपया दगडावर वाजवून घेत असे आणि गिऱ्हाईक रागावत नसे, कारण उद्या तेही तेच करणार होते. ‘बंदा रुपया’ हा शब्द आपण अजून माणसांसाठीही वापरतो, आणि दोन गुळगुळीत फोटो पाहून मात्र मुकाट्याने पैसे पाठवतो.

अण्णांच्या नखाला काय लागले होते ते मला पुढे कळले. खरा रुपया ठशाखाली दाबून पाडलेला असतो आणि त्याच्या कडेवरच्या उभ्या रेघा सगळीकडे सारख्या असतात. माझा रुपया साच्यात ओतलेला होता; धातू ज्या तोंडातून आत गेला, तिथले टोक कानशीने घासून काढले होते आणि तेवढ्या जागी रेघा पुसल्या गेल्या होत्या. अक्षरांच्या कडा बोथट होत्या, भिंगातून पाहिल्यावर राजाच्या गालावर टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे दिसत होती, आणि वजन भरले ११.०२ ग्रॅम. हे सगळे एका काट्याने आणि एका फोटोने पैसे पाठवण्याआधीच कळले असते.

वजन बरोबर असले म्हणजे नाणे खरेच असते असे नाही, हे मान्य आहे. १९३८ च्या खऱ्या रुपयावरचा आठ कोरून त्याचा नऊ केला, तर वजन, चांदी, नाद आणि कड सगळे खरेच राहते. तिथे शेवटच्या आकड्याचा जवळून घेतलेला फोटो लागतो. १९४० पासूनच्या रुपयांच्या कडेत, नकली नाणी पाडणे अवघड जावे म्हणून, रेघांच्या मधून एक खोबण फिरवलेली आहे. ती १९३९ च्या नाण्यावर दिसली तर पुढे काही बोलायलाच नको. नाणे घरी आलेच असेल, तर ते दोऱ्याने पाण्यात लोंबते ठेवून तोला : अकरा भाग चांदीचा रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅमने हलका भरतो, जर्मन सिल्व्हरचा असेल तर घट १.३ च्या वर जाते. (जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते, हे अजून कितीतरी लोकांना ठाऊक नाही.) पण तोवर पैसे गेलेले असतात आणि ‘नाणे परत घेतले जाणार नाही’ हे बारीक अक्षरांत आधीच लिहिलेले असते.

सगळेच विक्रेते लबाड नसतात. घरात सापडलेले नाणे खरे की खोटे हे काहींना स्वतःलाच माहीत नसते. ठीक आहे, पण माहीत नसणारा माणूस प्रश्न पुसून टाकत नाही, तो काटा शोधायला उठतो.

लिहिता लिहिता राग बराच उतरला आहे. खरे सांगायचे तर तो विक्रेत्यावर कमी आणि माझ्यावर जास्त होता. अण्णांना पहिल्याच क्षणी कळले होते आणि तरी त्यांनी ते नाणे दरवर्षी माझ्यासमोर पुसून ताटात ठेवले. गेल्या दिवाळीत अण्णा नव्हते. माझ्या मुलाने रुपये मोजले आणि म्हणाला, ‘आठ.’ मी त्याला पुन्हा मोजायला लावले.

आत्ताच लिलाव संपला, तेवीस हजारांना. जिंकणारा कोणी नवा मुलगा दिसतो. पैसे पाठवण्याआधी कडेचा फोटो माग, असा निरोप मी त्याला वेगळा पाठवला आहे. त्याने तो अजून वाचलेला नाही.